बसवाला नेव्हिल घाट चढतो

नेव्हिल फर्निसच्या बसमध्ये भरलेला चहाचा कप हातात धरून बसलं तरी थेंब सांडत नाही, असं आमच्या हॅडरवेल गावात म्हणतात. ही स्तुती की तक्रार, ते म्हणणाऱ्याला किती घाई आहे त्यावर ठरतं. डेपोत ड्यूट्या लावायचं काम माझ्याकडे, त्यामुळे तक्रारीही माझ्याकडेच येतात, आणि नेव्हिलच्या नावाने येणारी प्रत्येक तक्रार एकाच तऱ्हेची: बस उशिरा आली. का आली? तर कुणी म्हातारी पिशव्या सावरत पळताना त्याला आरशात दिसली आणि हा थांबला. मी त्याला कितीदा झापलं. "अरे बाबा, वेळापत्रक नावाची काही चीज असते." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "असते ना, मँडी. पण ती पडली असती."

माझं नाव मंदाकिनी. डेपोत पहिल्याच आठवड्यात त्याचं मँडी झालं. मी त्यावरून भांडले नाही, कारण भांडायला तिथे दुसरी पुष्कळ कारणं होती.

तर असा हा नाकासमोर चालणारा माणूस साठीला टेकल्यावर गाड्यांच्या शर्यतीत उतरला. गावाला वाटलं, याला म्हातारचळ लागला. मला खरं कारण माहीत होतं, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

शर्यत म्हणजे एकमेकींना घासत पळणाऱ्या गाड्या नव्हेत. ब्रॅकलोच्या इस्टेटीत टेकडीवर चढणारा एक अरुंद डांबरी रस्ता आहे, एका गाडीपुरता. एरवी त्यावर मेंढ्या आणि दुधाची गाडी. उन्हाळ्यातल्या काही रविवारी आमचा क्लब तो घाट बंद करून घेतो आणि गाड्या एकेक करून खालून वर सोडतो. भांडण फक्त घड्याळाशी. मी मार्शल, म्हणजे नारिंगी कपडे घालून, लाल झेंडा घेऊन पंपाच्या वळणावर उभी. तिथे एक जुना हातपंप आहे, त्याला पाणी येत नाही, पण वळणाला नाव त्याचंच. कुणी गवतात घुसला तर झेंडा दाखवायचा आणि धावायचं. सुट्टीच्या दिवशी वाऱ्यात कुडकुडायला कुणी पैसे देत नाही. तरी मी जाते. मला तिथे पहिल्यांदा ओढून नेलं ते ग्लेनिसने, नेव्हिलच्या बायकोने.

ग्लेनिस कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येत आणि ही खिडकीपाशी बसून एकेक दात बसवी. गावातले निम्मे लोक जे हसतात ते तिच्या हातचं. तिचे हात भलतेच निगुतीचे, आणि वेग म्हणजे तिचा जीव की प्राण. नवरा बसवाला, शांत. देवानेही काय जोडी लावली होती! लग्नाच्या वेळी म्हणे पाद्री वाट बघत बसला, कारण नवरदेव वाटेत कुणाचं तरी पंक्चर काढून देत होता, आणि नवरी चर्चच्या दारात येरझाऱ्या घालत होती.

तिची गाडी दुकानातून आलेली नव्हती. एका लॉरीतून खोकी आली, खोक्यांत सुटे भाग. सांगाडा वेगळा, पत्रे वेगळे, दिवे कागदात गुंडाळलेले. इंजिन कुणाच्या तरी चेपलेल्या गाडीतून काढलेलं. ते सगळं तिने गॅरेजमध्ये हिवाळ्यांमागून हिवाळे बसून जोडलं. छप्पर नाही, दारं नाहीत, आत बसलं की जमिनीवर बसल्यासारखं. अशा घरी जोडलेल्या गाडीला रस्त्यावर यायला सरकारी तपासणी लागते, आणि तिथे साहेब बोट फिरवून बघतो, कुठे धारदार कड लागते का. म्हणून सगळेच लोक प्रत्येक कडेला रबराची पट्टी आणि प्रत्येक नटाला प्लॅस्टिकची टोपी चिकटवतात, आणि पास झालं की घरी येताना ते उपटून टाकतात. साहेबालाही हे माहीत. ग्लेनिसने मात्र एक टोपी ठेवली होती, नेव्हिलचा गुडघा जिथे आपटायचा तिथली.

त्याच गाडीने ती सोमवारी कामावर जायची आणि रविवारी त्याच गाडीने घाट चढायची. आणि नेव्हिल? त्याचं काम टॉर्च धरायचं. ती गाडीखाली झोपे आणि हा टॉर्च धरून उभा. घाटावर तो थर्मास आणि सँडविच सांभाळी, टायर पुसे. पण ती सुटली की हा चहाच्या टपरीमागे जाऊन घाटाकडे पाठ करून उभा राही. भोंग्यावरच्या माणसाने तिचा वेळ सांगितला, म्हणजे बाई वर पोचली, की मगच याचा श्वास सुटे. आम्ही त्याला फार चिडवायचो. एवढ्या वर्षांत त्याने तिला वर जाताना एकदाही पाहिलं नव्हतं.

मग एका वसंतात ग्लेनिसने केलेल्या कवळीत पुढचा दात तिरका बसला.

ती स्वतःवरच चिडली. पुढच्या कवळीतही तेच. डॉक्टरने दोन्ही डोळ्यांचं निदान एकच सांगितलं: मधलं पुसलं जाणार, कडा राहणार, आणि गेलेलं परत येत नाही. "म्हणजे कसं गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "तुझ्याकडे सरळ बघितलं तर तुझ्या तोंडाच्या जागी धुकं. शेजारचं कॅलेंडर मात्र झक्क दिसतं."

"बरंच झालं की. कॅलेंडरवर निदान डोंगर तरी आहेत."

ती हसली. पण ते हसू वरवरचं होतं, आणि माझा विनोदही.

डोळे अधू झाले तरी लपवून गाडी चालवणारे लोक असतात. ग्लेनिस त्यातली नव्हती. तिने त्याच आठवड्यात सरकारला कळवून परवाना परत केला, गाडीवर जुना पडदा टाकला आणि नेव्हिलला म्हणाली, "विकून टाक." त्यानंतर ती घाटावर आलीच नाही. मी बोलवायला गेले तर अंगावर आली.

"येऊन काय करू? टपरीत बसून पावांना लोणी लावू? सगळ्यांनी यायचं, खांद्यावर हात ठेवायचा, आणि म्हणायचं, कशी आहेस, बदके?" आमच्याकडे लाडाने एकमेकांना बदक म्हणतात, बायकांना आणि बाप्यांनाही. "मला नको तुमची कीव. घाट मला बघायचा असतो, मँडी. नाही तर नको."

त्या उन्हाळ्यात ती घरात बसून वाळत चालली. रेडिओ लावलेला असायचा, पण बातम्या कुठल्या विचारलं तर सांगता येत नसे. माझ्या मनात भीती बसली होती. गाडी एकदा विकली की ही बाई पुन्हा त्या टेकडीकडे फिरकणार नाही, आणि टेकडी गेली की तिच्यात उरणार काय? नेव्हिललाही हेच दिसत असणार, कारण पुढच्या वसंतात एक दिवस तो टोपी हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आला.

"मँडी, मला उन्हाळ्याचे रविवार सुट्टी हवी."

"सगळे?"

"घाटाचे तेवढे."

"ग्लेनिस येतेय? अरे वा!"

"नाही. म्हणजे अजून तिला माहीत नाही." त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "गाडी मी चालवणार."

मी हसले. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. त्याने मला हसू दिलं, जशी तो कुणाही प्रवाशाला चढायला सवड देतो, आणि मग म्हणाला, "झालं? मग रविवारचं बघ तेवढं."

त्या शनिवारी मी परसातल्या रुबार्बच्या आंबट देठांची जुडी द्यायला त्यांच्याकडे गेले तर स्वयंपाकघरात वादळ चाललं होतं. गाडी बघायला गिऱ्हाईक येऊन गेलं होतं, आणि नेव्हिलने त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं.

"का? का परत पाठवलंस?" ग्लेनिस ओरडत होती.

"विकायची नाही. मी चालवणार घाटावर."

"तू?" ती हसायलाच लागली, आणि त्या हसण्याला धार होती. "तुला गोगलगाय मागून हॉर्न देते, नेव्ह!"

"देऊ दे."

"माझ्यावर उपकार करायचे असतील तर भांडी घास. ती पडलीयत कालपासून."

"घासतो. पण उपकार नाहीत हे."

"मग काय आहे?"

नेव्हिल बोलायला वेळ लावतो. भांड्यांकडे बघत बराच वेळ उभा राहिला, आणि मी रुबार्ब छातीशी धरून दारात अवघडून उभी. शेवटी म्हणाला, "तू तिथे नसलीस, तर रविवारी मी कुठे जायचं ते मला कळत नाही."

तो नटबोल्टचे पाने घेऊन गॅरेजमध्ये गेला. त्या गाडीत सीट हलत नाही आणि पेडलं तिच्या पायांच्या मापाने बोल्ट मारून बसवलेली. ग्लेनिस ठेंगणी, हा ताडमाड. आत बसला की गुडघे थेट स्टिअरिंगला. पेडलं पुढे सरकवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि या भल्या माणसाने आयुष्यात टॉर्चशिवाय काही धरलेलं नाही. थोड्याच वेळात गॅरेजमधून लोखंड घसरल्याचा असा आवाज आला की माझे दात शिवशिवले. ग्लेनिस खुर्चीतून ताडकन उठली.

"थांब! थांब, गाढवा! बोल्टाच्या कडा खातोयस तू! भलता पाना घेतलायस!"

सपाता घातलेल्या पायांनी ती भिंत चाचपत गॅरेजमध्ये गेली, पडदा ओढून काढला, गाडीत डोकं खाली घालून आडवी झाली आणि म्हणाली, "बारीक पाना दे." तिने सगळं बोटांनी केलं. तिची बोटं एकेका बोल्टापाशी अशी जात होती, जशी आपली अंधारात दिव्याच्या बटणापाशी जातात. पेडलं सुटली, पुढे सरकली, पुन्हा घट्ट झाली. शेवटचा बोल्ट आवळताना आतूनच म्हणाली, "आता माझे पाय पोचणार नाहीत."

मी रडले असते, पण नेव्हिलकडे बघितलं आणि राहिले. ग्लेनिसला उजेडाचा काडीचा उपयोग नव्हता. तो मात्र नेहमीसारखा टॉर्च धरून उभा होता, अगदी बरोबर तिच्या हातांवर.

पुढचं सोपं नव्हतं. नवख्यांच्या शिकवणीला तो दोनदा गेला आणि दोनदा शिकवणाऱ्याने त्याला सांगितलं, "गड्या, हा ब्रेक आहे. हा कधीकधी सोडायचाही असतो." आग न लागणारा पोशाख हवा म्हणून त्याने जुन्या बाजारातून कुणाचा तरी उचलला. मापाचा मिळाला, पण छातीवर 'गॅरी' असं भरतकाम केलेलं. ग्लेनिसला ते बोटांनी कळलं. "हा गॅरी कोण?" "ठाऊक नाही." "बरा चालवायचा का?" "आशा करू या," नेव्हिल म्हणाला. आणि मे महिन्यातल्या एका गार रविवारी ते दोघं त्या बिनछपराच्या गाडीतून ब्रॅकलोला आले. ग्लेनिस पहिल्यांदाच डाव्या सीटवर. उतरली तेव्हा तोंड एवढंसं झालेलं. वाटेत म्हणे एका ट्रॅक्टरने त्यांना मागे टाकलं.

गाड्या सुटायच्या आधी सकाळी सगळे चालक घाट पायी चढतात, रस्ता डोक्यात बसवायला. ग्लेनिस त्याच्या कोपराला धरून चढली. मी मागून माझ्या वळणाकडे चालले होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"इथे डांबर बदललं. पायाला कळलं? इथपर्यंत ब्रेक नाही लावायचा."

"इथपर्यंत? अगं, इथे तर मी थांबलेला असेन."

"नेव्ह!"

"बरं, बरं. इथे एक थांबा केला तर चांगला चालेल. झाडाची सावली पण आहे."

तिने त्याच्या दंडाला चिमटा काढला. पण तिच्या गालांवर रंग आला होता, हे मी पाहिलं. पंपाच्या वळणावर मी तिला ठेवून घेतलं. आमच्या मुख्य कारभाऱ्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि मला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. जादा नारिंगी कोट तिच्या अंगावर चढवला, कुंपणाआड माझ्या शेजारी उभी केली.

सकाळच्या फेऱ्या सरावाच्या. एकेक गाडी खालून सुटे, आमच्यासमोरून वळण घेई, वर झाडांत शिरे. ग्लेनिस आवाजावरून माणसं ओळखत होती. "हा आयव्हर. अजून दुसऱ्या गिअरमध्ये रडतोय." पण मी विचारलं, "काही दिसतं का गं?" तर म्हणाली, "काळ्या झाडीपुढून काळं काहीतरी सरकतं. गाडी असेल, नाहीतर मेंढी." मला वाटलं, चुकलं आपलं. हिला इथे आणून आपण जखमेवर मीठच चोळलं.

मग भोंगा बोलला. "आता येतोय नेव्हिल फर्निस, आपला सहा नंबरचा बसवाला! तिकिटं तयार ठेवा!"

माझ्या वळणावरून सुरुवातीची रेघ दिसते. हिरवा दिवा लागला. दुसरा कुणी असता तर चाकं किंचाळली असती. नेव्हिलने उजव्या आरशात बघितलं. मान वळवून खांद्यामागे बघितलं. आणि तीस वर्षं फलाटावरून बस काढताना जे केलं तेच केलं: उजवा इंडिकेटर दिला आणि मग निघाला.

त्या गाडीतला इंडिकेटर आपोआप बंद होत नाही. साधं वर-खालीचं बटण आहे, विसरलं की चालूच. हा विसरला. नारिंगी दिवा उघडझाप करत तो घाट चढू लागला. आधी खालचे हसले, मग भोंगेवाला. "बाजूला व्हा मंडळी, बस बाहेर येतेय!" सगळी टेकडी खदखदली. मीही हसत होते, तेवढ्यात ग्लेनिसने माझं मनगट पकडलं.

"मँडी. ते काय आहे?"

"काय?"

"नारिंगी. लुकलुकतंय. खाली, उजव्या हाताला."

तिचं तोंड त्या बाजूला नव्हतंच. ती पंपाकडे तोंड करून उभी होती, आणि डोळ्याच्या कडेने घाट बघत होती.

"तो नेव्हिल आहे. इंडिकेटर द्यायचा..."

"बोलू नकोस. बोलू नकोस ना."

तो आला, आमच्यासमोरून वळला, वर गेला. पुढचा दिवा गेला, मागचा दिसू लागला. ती तोंड हळूहळू फिरवत होती, दिवा कडेतून निसटू नये म्हणून. झाडांत तो दिसेनासा झाला तेव्हा तिने माझं मनगट सोडलं. तिथे तिची नखं उमटली होती.

"दिसला मला," ती म्हणाली. "अख्खा दिसला. खालपासून वरपर्यंत."

"मी त्याला सांगते."

"खबरदार! आधीच सगळे दात काढतायत. उद्या त्याला डेपोत तोंड दाखवायचंय. माझ्यासाठी त्याने विदूषक व्हायचं नाही. शपथ घे."

मी मान हलवली. ती तिला दिसली असेल नसेल.

जेवणाच्या सुट्टीत नेव्हिलची जी सालं निघाली! "बदका, पुढच्या थांब्यावर उतरायचंय, घंटी दाबू का?" "म्हाताऱ्यांना पास चालतो ना?" आयव्हर तर थर्मास घेऊन गाडीत जाऊन बसला आणि म्हणाला, "सांडतोय का ते बघू." नेव्हिल सगळ्यांबरोबर हसत होता, पण त्याचे कान लालबुंद झाले होते. मग त्याने पेटीतून काळी चिकटपट्टी काढली आणि इंडिकेटरच्या बटणावर आडवी-उभी डकवली.

"आता नाही होणार," तो ग्लेनिसला म्हणाला. "पट्टीच लावली. तुला मान खाली घालायला लावणार नाही मी."

"छान केलंस," ग्लेनिस म्हणाली. तिच्या हातात पोर्क पाय नावाचा मांस भरलेला पॅटिस होता. तिने तो खाल्ला नाही, तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

दुपारी वेळ मोजायच्या फेऱ्या सुरू झाल्या. नेव्हिल सुटला. या खेपेला बरा सुटला, आरसे न बघता. ग्लेनिस पंपाकडे तोंड करून, मान थोडी कलती करून उभी होती.

"सुटला," ती म्हणाली. "पहिला गिअर लांबवला. हं, दुसरा. शाब्बास." आणि ती वाट बघू लागली. गाडी आमच्यासमोरून गेली, वाऱ्याने तिच्या कोटाची कड उडाली. आवाज झाडांत विरला. तरी ती तशीच उभी.

"गेला ना?"

"गेला."

"हं." तिने कोटाची चेन वर ओढली. ती आधीच वरपर्यंत ओढलेली होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणावर, ते सांगता येणार नाही. डोळ्यांवर, त्या पट्टीवर, हसणाऱ्यांवर, आणि मीही हसले होते म्हणून माझ्यावर. शपथ घे म्हणाली होती. मी फक्त मान हलवली होती, आणि मान हलवणं म्हणजे काही शपथ नव्हे.

वर पोचलेल्या गाड्या वरच थांबतात, आणि सगळ्या जमल्या की एकामागून एक सावकाश खाली येतात. ग्लेनिसला म्हटलं, "जरा डांबरावरची वाळू बघून येते," आणि वळणाच्या वरच्या अंगाला जाऊन रस्त्यात उभी राहिले. नेव्हिलची गाडी दिसताच हात केला. दुसरा कुणी चालक गोंधळला असता. नेव्हिलपुढे कुणी हात केला की त्याचा पाय आपसूक ब्रेकवर जातो. थांबला. मी हेल्मेटला तोंड लावलं.

"पट्टी काढ."

"आं?"

"पुढच्या फेरीला उजवा इंडिकेटर लाव. वर पोचेपर्यंत बंद करू नकोस."

"अगं, काय थट्टा चालवलीय? सगळे..."

"नेव्हिल. सकाळी तिला तू दिसलास. या अख्ख्या टेकडीवर तिला तेवढीच एक गोष्ट दिसली. आणि मी हे तुला सांगितलेलं नाही."

हेल्मेटमधून फक्त डोळे दिसतात. ते माझ्याकडे बघत राहिले. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग तिच्या मागचीनेही. नेव्हिलने त्या दोघांची पर्वा केली नाही. हातमोजा काढला, पट्टीचं टोक नखाने उचकटलं, ती पूर्ण सोलून काढली, गोळी करून खिशात ठेवली, आणि मगच गाडी पुढे काढली. त्याच्यामुळे कुणाला खोळंबा झाला आणि मी रागावले नाही, असं पहिल्यांदाच घडलं.

शेवटची फेरी. हिरवा दिवा लागला. नेव्हिलने आरशात बघितलं, खांद्यामागे बघितलं, उजवा इंडिकेटर दिला. आणि निघाला.

"अरेरे!" भोंगा ओरडला. "आमचा बसवाला पुन्हा विसरला!" टेकडी पुन्हा हसली, सकाळपेक्षा जास्त. तो त्या हसण्यातून दिवा लुकलुकवत वर आला. ग्लेनिसने श्वास घेतला आणि सोडलाच नाही. पंपाकडे तोंड करून, ओठ घट्ट मिटून, ती त्याला बघत होती. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तो समोरून वळताना ती पुटपुटली, "लवकर पाय उचलला. मठ्ठ. मठ्ठ कुठला." मी झेंडा खाली धरून रडले. मार्शलने कामावर असताना रडू नये, पण त्या वेळी कुणी गवतात गेलं नव्हतं.

नेव्हिल आपल्या गटात शेवटचा आला. त्याच्या आधीच्याची गाडी तर अर्ध्या वाटेत खोकत होती, तरी. संध्याकाळी मी मैदानात पोचले तेव्हा तो सीटवर बसून हेल्मेट मांडीवर घेऊन चहा पीत होता आणि ग्लेनिस गाडीच्या कडेला टेकून उभी होती.

"पुन्हा विसरलास?" तिने विचारलं.

"विसरलो."

"दुपारच्या पहिल्या फेरीत बरं आठवलं!"

"सवय गं, काय करणार. आपोआप बंद होत नाही तुझ्या गाडीत."

"आणि पट्टी?"

"पडली असेल वाऱ्याने."

ग्लेनिसने हात लांब करून बटण चाचपलं. पट्टी सोलली होती तिथे अजून चिकट होतं. तिची बोटं त्या चिकटपणावर थांबली. मग तिने तोंड माझ्याकडे, म्हणजे माझ्या शेजारच्या खांबाकडे, वळवलं.

"मँडी, जन्मात एकदा तरी तुझं तोंड बंद राहिलंय का?"

मी बूट बघत राहिले. नेव्हिलने कप खाली ठेवला. पलीकडे कुणीतरी गाडी ट्रेलरवर चढवत होतं.

"स्टिअरिंगच्या खाली एक लाल बटण आहे," ग्लेनिस म्हणाली. "मीच बसवलंय. त्याने चारही दिवे एकदम लागतात. ते दाब."

"आत्ता? इथे?"

"दाब ना, नेव्ह."

त्याने बटण शोधून दाबलं. चारही दिवे लुकलुकू लागले. आजूबाजूचे लोक वळून बघू लागले, पण या वेळी कुणी हसलं नाही. ग्लेनिस पाठीमागे सरत कुंपणापर्यंत गेली, तोंड टपरीकडे केलं, आणि डोळ्याच्या कडेतून नवऱ्याकडे बघत राहिली. नेव्हिलला कुठे बघावं समजेना. तो 'गॅरी' लिहिलेली छाती ताठ करून, फोटोला बसल्यासारखा, श्वास रोखून बसून राहिला.

"हललास तरी चालेल," ती म्हणाली. "दिसतोयस."